ताकदीचा डबा

बाबांच्या किडन्या बिघडल्या त्या वर्षी आमच्या घरी ताकदीचे इतके डबे जमले, की देवाच्या फळीवर देव मागे आणि डबे पुढे अशी गत झाली. आधी आजारी माणसाला बघायला जाताना लोक संत्री न्यायचे. पण नागपुरात संत्र्यांचं कौतुक ते कोणाला? मग औषधांच्या दुकानांत ते प्रोटीन पावडरचे गोल डबे आले. डबा नेला की नेणाऱ्याची मान ताठ. पाहुणा पिशवीतून काढून असा काही ठेवायचा, जसं काही बाबांचं आयुष्यच त्यात भरून आणलंय.

आणि माझ्या बाबांना नेमकं तेच वर्ज्य होतं. वीस वर्षांची साखर, त्यातून किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "यांची चाळणी जुनी झाली आहे. प्रोटीन जास्त गेलं की तिच्यावर ताण येतो. वरण पातळ, दूध चहापुरतं, अंडी-मटण बंद. आणि ते ताकदीचे डबे घरात आणूच नका. आणले तर किती दिवस काढतील ते माझ्या हातात नाही."

हे लोकांना समजावून सांगा बरं! "ताकदीनं कुठी नुकसान होते का वं?" हा एकच प्रश्न. शेजारी विचारायचे, बाबांचे गिरणीतले जुने सोबती विचारायचे, सख्खी आईसुद्धा विचारायची. माणूस वाळत चाललाय आणि त्याच्या ताटातलं वरण काढून घ्यायचं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. बाबांचं वेगळंच. ते तरुणपणी आखाड्यातले गडी. आलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही हा त्यांचा धर्म. पाहुणा म्हणाला, "माझ्यासमोर एक घोट घ्या गा," की घेतलाच यांनी. दिवसात तीन पाहुणे आले तर तीन घोट.

म्हणून मी घरची फौजदार झाले. शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, बापाचा जीव माझ्या गळ्यात होता, आणि जीभ तर जन्मापासून तिखट. मी डबे परत करू लागले. पाहुण्यांदेखत. औषधांच्या दुकानात उभी राहून एकेक डबा फिरवून वाचायचे. यात दुधाची भुकटी, त्यात शेंगदाणा नि सोयाबीन, या तिसऱ्यात तर अर्धी साखरच. दुकानदार बिचारा म्हणायचा, "मॅडम, सगळे चांगलेच आहेत. ताकदच येईल, दुसरं काय होणार?" त्याच्यावरही मी उखडले. म्हटलं, "विचारता तरी का हो, कोणाला द्यायचाय म्हणून? साखरवाल्याला, किडनीवाल्याला, सगळ्यांना एकच डबा?"

खरं सांगू? मला त्यात मजा यायला लागली होती. मी बरोबर होते ना! बरोबर असणं डोक्यात चढतं. पाहुण्याचा चेहरा पडला की मला वाटायचं, आज बाबांचा एक दिवस वाढवला.

आता आत्याबाईबद्दल सांगते. बाबांची ही थोरली बहीण, एकुलती एक. विधवा, मुलाजवळ हिंगण्याला राहायची. मुलगा म्हणजे आमचा दादा, तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर. आत्याबाई महिन्या-दोन महिन्यांनी बस बदलत बदलत आमच्याकडे यायची. यायची तेव्हा पिशवीत भावासाठी काही ना काही असायचंच. कधी बोरं, कधी जवसाची चटणी, कधी नुसतेच चार लिंबू.

या दोघांची एक गोष्ट बाबा लहानपणापासून आम्हाला सांगायचे, हसत हसत सांगायचे. घरात एक म्हैस. दूध विकून जे उरेल ते एक पेलाभर, आणि तो पेला बाबांचा. पोरगा आखाड्यात जातो, त्याला पाहिजे. आत्याबाईला कधी नाही. माझी आजी म्हणे सांगायची, पोरीनं दूध प्यालं की झपाट्यानं वाढते, मग उजवायची घाई होते. तेव्हा सगळीकडे हेच चालायचं. आत्याबाईचं काम काय, तर पेला भावाकडे न्यायचा आणि रिकामा परत आणायचा. पण धुवायच्या आधी ती त्यात थोडं पाणी टाकायची, गोल गोल फिरवायची आणि ते पांढुरकं पाणी पिऊन टाकायची. बाबा विचारायचे, "कसं लागते वं बाई?" ती म्हणायची, "गोड. तुह्या दुधाहून गोड." बाबा सांगायचे, "मले तं तिचा हेवा वाटे. म्या म्हनो, मले दूध नको, मले ते पानी दे. देतच नव्हती!" आणि आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे.

त्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात आत्याबाईच्या चपला. मला आनंद झाला. आत आले तर बाबा खाटेवर बसलेले, हातात पितळेचा पेला, ओठाला लावलेला. समोर आत्याबाई जमिनीवर बसून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या मांडीजवळ उघडा डबा. नवा कोरा. आईनं दूध गरम करून दिलेलं होतं, ते वासावरून कळतच होतं.

मी काही विचार केला नाही. सरळ जाऊन पेला ओढला. दूध बाबांच्या धोतरावर सांडलं. आणि मी ओरडले, "आत्याबाई, भावाला मारायला आलीस का तू?"

असं म्हणाले मी. म्हातारीला. जिनं आयुष्यात भावाच्या पेल्यातला थेंबसुद्धा सांडू दिला नाही तिला.

ती गोंधळून उठायला लागली. म्हणाली, "ताकदीचं हाय वं माय ते. चांगल्या दुकानातलं हाय." मी म्हटलं, "ताकदीचंच तर विष आहे त्यांना. किती वेळा सांगायचं? घेऊन जा तुझा डबा." ती म्हणाली, "भावाले देल्लं बहीन वापस नेत नाई, पोरी." मी म्हटलं, "मग मी उकिरड्यावर फेकते."

तेव्हा तिनं झाकण लावलं, डबा पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. तिनं बाबांच्या धोतरावरचं दूध हातानं निरपलं, "जातो गा भाऊ," म्हणाली आणि चपला घातल्या. एरवी मी तिला बसपर्यंत पोचवायला जायचे. त्या दिवशी गेले नाही. दारातून बघितली तेवढी. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या, गळ्याची हाडं वर आलेली. मला दिसलं बरं का ते. दिसलं आणि मी मनात म्हटलं, वय झालं.

मी बाबांना दुसरं धोतर आणून दिलं. मग त्यांनी विचारलं, "बाईले चहा पाजला का?"

नव्हता पाजला. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

पुढे आत्याबाई आलीच नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. मी मनाची समजूत घालायचे, ऊन आहे, बस बदलावी लागते. बाबा दार वाजलं की मान वर करायचे. त्यांची तब्येत त्या दिवसांत जराशी सावरली होती, पायांची सूज उतरली होती, आणि डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्यामुळे हे." मी ते घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

मग एका रविवारी दादा आला, मोटारसायकलवर. मामाची तब्येत बघायला. तोही प्रोटीनचाच विषय घेऊन बसला, पण वेगळा. म्हणाला, "मामा, आईचं काही समजून नाही राहिलं. विषमज्वरातून उठली तेव्हापासून खंगून राहिली. आमच्या तिकडच्या डॉक्टरनं म्हटलं, हिच्या अंगात प्रोटीन गेलंच पायजे, नाई तं ही उठनार नाई. म्या डबा आनून देल्ला. महिन्यात संपला म्हनते. दुसरा आनू म्हटलं तं नको म्हनते, आली ताकद म्हनते. पन अंगावर तं काहीच दिसत नाई."

आईनं हातातली सुपडी खाली ठेवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही बघितलं. जसं काही आता मीच सांगायचं होतं.

दादालाच काही कळेना. "काहून? काय झालं?" तो विचारत होता. शेवटी मीच सांगितलं. डबा इथं आला होता, दादा. तुझ्या आईनं भावाला आणला होता. मी तिला हाकललं. हाकललं हाच शब्द वापरला मी, दुसरा कुठला वापरणार? तो भला माणूस. म्हणाला, "जाऊ दे वं, तुले काय मालूम." पण मला मालूम व्हायला पाहिजे होतं ना! दुकानात उभी राहून डब्यावरची बारीक अक्षरं वाचणारी मी, मला समोरच्या बाईचे दंड वाचता आले नाहीत. दुकानदाराला विचारत होते, डबा कोणाला द्यायचाय ते विचारता का म्हणून. मी विचारलं होतं का तिला, हा डबा कोणाचा?

आणि डब्याचं काय झालं, तेही नंतर कळलं. तिनं तो प्यालाच नाही. भावाच्या नावानं काढलेली वस्तू बहिणीनं परत आपल्या तोंडात घालायची नाही, हे तिचं शास्त्र. वस्तीत कोणाची तरी लेक बाळंतपणाला आली होती, तिला देऊन टाकला. मुलाला सांगितलं, संपला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी फळ्यावर गणित मांडलं आणि अर्ध्यात विसरले. मुली हसल्या. मी त्यांच्यावर ओरडले नाही, तर त्या जास्तच घाबरल्या.

माझा स्वभाव असा की अपराध वाटला तरी हात स्वस्थ बसत नाहीत. मी दादाला म्हटलं, डबा आणायच्या आधी तिची लघवी तपास, रक्त तपास, साखर आहे का बघ. किडनी आमच्या घरात आहे, तिलाही असली तर? तो म्हणाला, "त्या डॉक्टरनं तं असं काही सांगितलं नाई." मी म्हटलं, सांगितलं नसेल, तरी तपास. एकदा विष विष म्हणून ओरडले, आता खरंच विष नेऊन पाजायला नको. सगळं तपासलं. बाबांच्याच डॉक्टरांना कागद दाखवले. ते म्हणाले, "यांना काही नाही. साखर नाही, किडनी उत्तम. नुसती उपासमार आहे. डबा द्या, पण डब्यावर भागवू नका. वरण, अंडं, जे चालेल ते पोटभर द्या." उपासमार. मुलगा कमावतो, घरात धान्याच्या कोठ्या आहेत, आणि उपासमार. डॉक्टर सहज बोलून गेले. मी तिथूनच औषधांच्या दुकानात गेले.

दुकानदार मला बघून आधीच दचकला. मी म्हटलं, "एक डबा पाहिजे." तो म्हणाला, "तुम्हाला?" मी नीट सांगितलं, म्हातारी बाई आहे, तापातून उठली आहे, पोट नाजूक, साखर नाही, किडनी नाही. त्यानं दोन डबे पुढे ठेवले. एकात गोडी भरपूर, प्रोटीन नावापुरतं. दुसऱ्यात प्रोटीन चांगलं, पण गोडी अजिबात नाही, चवही नाही. मी दुसरा घेतला.

बाबा म्हणाले, मी येतो. त्यांना अंगणापर्यंत जायला धाप लागायची. मी नाही म्हटलं, आईनं नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही रिक्शा आना, नाई तं मी पायी जातो." मग ऑटोरिक्शा केला. हिंगण्याच्या रस्त्यानं खड्ड्याखड्ड्याला ते माझा हात धरत होते आणि डबा आपल्याच मांडीवर ठेवून बसले होते, माझ्याकडे देईनात.

आत्याबाई तांदूळ निवडत बसली होती. भावाला दारात बघून उठायला गेली आणि उठता उठता भिंत धरली. इतकी वाळली होती की मला आधी बघवेना. मी जाऊन पाया पडले. म्हटलं, "चुकलं माझं, आत्याबाई." ती म्हणाली, "काहून वं? बापाची राखन करून राहिली होतीस तू. पोरीनं असंच पायजे." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मार खाल्ल्यासारखं वाटलं मला. इतक्या स्वस्तात सुटका नको होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या डब्यानं आणि दादाच्या बायकोच्या हातच्या वरणानं आत्याबाई थोडी सावरली, पण थोडीच. पुढच्या हिवाळ्यात गेली. बाबा तिच्यामागे बरीच वर्षं होते. लोक अजून म्हणतात, पोरीनं बापाला वाचवलं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, ते मधले दोन महिने वाया गेले नसते तर? ते म्हणाले, तसं एका डब्यानं काही ठरत नसतं. नसेल ठरत. पण ते दोन महिने माझे आहेत, ते मी दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकू?

तर त्या दिवशी. दादाच्या बायकोनं दूध आणलं. बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः डबा उघडला, चमच्यानं भुकटी घातली, गुठळ्या मोडत बराच वेळ ढवळलं. चमचा पेल्याला लागून वाजत होता. "घे बाई," म्हणाले. आत्याबाई म्हणाली, "ठेव तिथं. मंग पितो." तिचं मंग म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "मंग नाई. माह्यासमोर."

जो आग्रह लोक त्यांना करायचे तोच.

तिनं पेला घेतला. भिंतीकडे तोंड केलं, पदर आडवा धरला आणि पिऊ लागली. चोरून खाणारं माणूस पितं ना, तशी. सत्तरीच्या बाईला आपल्या वाट्याचं दूध चारचौघांत प्यायची सवय नव्हती. अर्धा झाल्यावर थांबली, तोंड पुसलं आणि पेला भावापुढे सरकवला.

"घे गा. अर्धा तुले ठेवला."

मी दारात उभी होते. बाबांनी प्यायला असता तर त्या दिवशी मी काही बोलले नसते, देवाशपथ. त्यांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी प्यालो तं ही पोरगी मले जित्तं नाई ठेवनार. तूच पी बाई. सगळा पी." ती हसली. पहिल्यांदा हसली. मग तिनं तो पेला तळापर्यंत प्याला, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, या वेळी भिंतीकडे न बघता.

तिनं पेला खाली ठेवला. दादाची बायको तो उचलायला वाकली, तर बाबांनी हात आडवा केला. तांब्यातलं थोडं पाणी त्यात ओतलं. पेला हातात धरून गोल गोल फिरवला. डॉक्टरांनी त्यांना पाणीसुद्धा मोजूनच प्यायला सांगितलं होतं, पण एवढं चाललं असतं. आत्याबाई बघत होती. तिला कळलं होतं ते काय करताहेत. "नको गा," ती म्हणाली, "नको न गा भाऊ, उष्टं हाय ते."

त्यांनी ते पांढुरकं पाणी पिऊन टाकलं. तोंडात जरा वेळ धरलं, मग गिळलं. रिकाम्या पेल्यात बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "गोड कुठी हाय वं हे? याले तं काहीच चव नाई."

आत्याबाईनं तांदळाचं सूप पुढे ओढलं आणि निवडायला लागली. "मंग?" ती म्हणाली. "पानीच होतं ना ते."